नानांनी शब्द टाकला

मोहिनीला अर्थशास्त्र शिकायचं होतं, आणि तेही दिल्लीजवळच्या एका विद्यापीठात, जिथे आमच्या शहादा तालुक्यातून आजवर कोणी गेलेलं नव्हतं. कोणी गेलेलं नाही याचा अर्थ तिच्या वडिलांनी असा काढला की तिथे आपलं कोणी नाही. आणि जिथे आपलं कोणी नाही तिथे आपलं काम होत नाही. हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. मूल पाळण्यात असतं तेव्हाच त्याच्या जन्मदाखल्यावरचं चुकलेलं नाव दुरुस्त करायला बापाला कोणाला तरी भेटावं लागतं. तेव्हापासून ते मूल शिकत असतं.

वडील म्हणजे धर्मेंद्रभाऊ. तापीकाठच्या गावात केळी, ऊस, बारमाही पाणी, दोन मजली घर. घरात कशाला कमी नव्हतं. मोहिनी एकुलती एक, आणि तिच्या शिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. गोष्टींत बाप विरोध करतो आणि मुलगी लढते. इथे बाप मदत करत होता. विरोध केला असता तर मुलगी आज तिथे असती.

त्या विद्यापीठाची पद्धत चमत्कारिक होती. बारावीचे मार्क ते बघत, पण तेवढ्यावर भागत नसे. एक निबंध मागत, विद्यार्थ्याला शिकवलेल्या एका शिक्षकाचं पत्र मागत आणि शेवटी मुलाखत घेत. शिक्षक होते उमाकांत सर. ते शहाद्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. मागणी आणि पुरवठ्याचे तेच दोन वक्र ते वर्षानुवर्षं फळ्यावर काढत, आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे खडूने ठिपका देऊन म्हणत, "हा भाव." मुलं ठिपका उतरवून घेत. मोहिनीने अकरावीतच हात वर करून विचारलं होतं, "सर, हा भाव आमच्या गावात कोणाला मिळतो?"

सरांना उत्तर आलं नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "मग?"

त्या प्रश्नाचाच पुढे निबंध झाला. केळीचा भाव रोज सकाळी मोबाईलवर जाहीर होतो. व्यापारी बागेत येतो, घडाला थापट्या मारतो, आकाशाकडे बघतो आणि जाहीर भावापेक्षा कमी देतो. किती कमी, ते माणसागणिक वेगळं. मोहिनीला हे 'माणसागणिक' मोजायचं होतं. ती वही घेऊन गावात फिरली आणि प्रत्येक शेतकऱ्याने तिला आपल्याला मिळालेला भाव जाहीर भावाहून जास्त सांगितला. भाव कमी मिळाला हे कबूल करणं म्हणजे लेकीच्या लग्नात जेवण कमी पडलं हे कबूल करणं. पोरीने आठवडाभर विचार केला आणि प्रश्न बदलला. ती प्रत्येकाला विचारू लागली, "काका, तुमच्या शेजारच्याला काय भाव मिळाला?"

आता गाव खरं बोलू लागलं. शेजाऱ्याला किती कमी मिळाला, कोणत्या दिवशी, व्यापाऱ्याने घड बाजूला काढताना त्याचं तोंड कसं झालं होतं, हे लोकांनी तिला खाटेवर बसवून, चहा पाजून सांगितलं. हिशोब जुळवल्यावर तिला दिसलं की फरक केळीत नव्हताच. ज्याची व्यापाऱ्याच्या माणसांत ओळख, त्याचा घड भारी. ज्याची नाही, त्याच्या घडावर डाग. निबंधाच्या शेवटी तिने लिहिलं होतं की आमच्या गावात सगळ्यांत महाग विकलं जाणारं पीक ओळख हे आहे, फक्त ते कोणी पेरताना दिसत नाही.

उमाकांत सरांनी निबंध वाचला आणि आपलं पत्र फाडून पुन्हा नव्याने लिहायला घेतलं.

इकडे धर्मेंद्रभाऊंना चैन नव्हतं. एका रविवारी ते पिशवी घेऊन सरांच्या घरी आले.

"सर, अर्जाला काय काय लावलं?"

"अकरावीची मार्कशीट, निबंध, माझं पत्र."

"आणि?"

"एवढंच मागितलंय."

"फक्त एक पत्र? आणि ते बी तुमचंच?" धर्मेंद्रभाऊंनी हे अजिबात अपमान करायला म्हटलं नाही; त्यांना खरोखर सरांची दया आली. त्यांनी पिशवी उघडली. "हाई बठ्ठं लावी टाका."

पिशवीतून आधी सरपंचांचा वर्तणुकीचा दाखला निघाला. मग मोहिनी ग्रामस्वच्छता करतानाचा फोटो. त्यात एका झाडूला पाच जणांनी धरलं होतं आणि मोहिनीच्या वाट्याला दांड्याचं टोक आलं होतं. मग रक्तदान शिबिराचं प्रशस्तिपत्र. शिबिराच्या दिवशी मोहिनीला ताप होता, पण नाव आधीच छापून झालेलं होतं. सगळ्यांत खाली, टॉवेलमध्ये गुंडाळलेली, सोनेरी रंगाची एक ट्रॉफी. तिच्यावर कोरलं होतं : 'आदर्श अर्थतज्ज्ञ कन्या'. खाली ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानाचं नाव.

"ही कधी मिळाली?" सरांनी विचारलं.

"काल."

"कशाबद्दल?"

"अर्जाबद्दल."

सरांनी ट्रॉफी हळूच परत टॉवेलात गुंडाळली. मग त्यांनी लॅपटॉप उघडून माहितीपत्रकातला एक नियम दाखवला आणि मराठीत समजावून सांगितला. उमेदवाराच्या वतीने कोणीही, कोणत्याही मार्गाने शिफारस केली किंवा दबाव आणला, तर अर्ज रद्द होईल आणि त्या उमेदवाराला पुन्हा कधीही अर्ज करता येणार नाही.

"बघा भाऊ. इथे हे चालत नाही."

धर्मेंद्रभाऊंनी तो नियम दोनदा वाचून घेतला, आणि त्यांचा चेहरा पिशवी आणल्यापासून पहिल्यांदाच उजळला.

"सर, चालत नसतं तर लिहिलं कसाले असतं? साप नसताना कोणी 'साप शे, सांभाळा' अशी पाटी लावस का?"

या युक्तिवादाला अर्थशास्त्रात उत्तर नाही. सर म्हणाले, "भाऊ, पोर हुशार आहे. तिला तिच्या हिमतीवर जाऊ द्या. तुम्ही फक्त शांत बसा." धर्मेंद्रभाऊंनी शब्द दिला, आणि पिशवी घेऊन घरी जाऊन खरंच शांत बसले.

घरी धुडकूआबा होते. मोहिनीचे आजोबा. त्यांचा एकच प्रश्न असे, आणि अर्ज भरल्यापासून ते तो रोज जेवताना विचारत.

"शब्द कोन्हा टाकला?"

"कोणाचा नाही आबा. तिथे लागत नाही," मोहिनी सांगायची.

आबा हसत नसत, रागावतही नसत. नात अजून लहान आहे एवढंच त्यांना वाटे. त्यांच्या आयुष्यात शब्दावाचून मिळालेली गोष्ट त्यांना आठवत नव्हती. शेतावरची विजेची डीपी शब्दावर आली होती, वळणावरचा एसटीचा थांबा शब्दावर, धर्मेंद्रची सोयरीकसुद्धा. आणि जसोदाबाई, त्यांची बायको, मोठ्या शहराच्या दवाखान्यात व्हरांड्यात सतरंजीवर पडून होती, तेव्हा कोणीतरी कोणाला तरी फोन केला आणि तासाभरात खाट मिळाली. त्या खाटेवर ती आणखी सहा वर्षं जगण्याइतकी बरी झाली. आबांचा देवावर विश्वास होता, पण देवाचाही नंबर कोणाकडे तरी असणार अशी त्यांची समजूत होती.

मोहिनीने एकदा विचारलं होतं, "आबा, त्या खाटेवर आधी कोण होतं?"

आबा बराच वेळ भाकरी चुरत राहिले.

"व्हतं कोनीतरी," ते म्हणाले. "त्यान्हं कोनी नही व्हतं."

एप्रिलच्या अखेरीस मुलाखतीचं बोलावणं आलं. अर्ज करणाऱ्यांतून थोड्यांनाच ते आलं होतं. मुलाखत मोबाईलच्या पडद्यावर, घरबसल्या. वरच्या मजल्यावर खिडकीजवळ नेटवर्क बरं येतं म्हणून टेबल तिथे मांडलं. ऊन असं की खिडकीची सळई धरवत नव्हती. मोहिनीच्या आईने कूलर बंद केला, कारण आवाज गेला असता. आबांनी गल्लीच्या तोंडाशी खाट टाकून ट्रॅक्टर अडवले. धर्मेंद्रभाऊ कपाटाआड उभे राहिले. तिथून त्यांना पडदा दिसत होता आणि पडद्याला ते दिसत नव्हते.

पलीकडे एक बाई होत्या आणि एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. दोघं इंग्रजीत बोलत होते. धर्मेंद्रभाऊंना त्यातलं 'बनाना' कळलं. मोहिनी आधी अडखळली, मग बोलू लागली, मग हात हलवून बोलू लागली. आणि मग ती काहीतरी म्हणाली तसे ते दोघं हसले. नुसते हसले नाहीत. बाईंनी टेबलावर हात आपटला, दाढीवाल्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पुढे ठरलेल्या वेळेहून कितीतरी जास्त वेळ ते बोलत राहिले, आणि मधूनमधून पुन्हा हसत राहिले.

पडदा बंद झाल्यावर मोहिनी खुर्चीतून उडालीच. "पप्पा! मी त्यांना शेजाऱ्याचं सांगितलं ना, त्यांना काय आवडलं म्हणून सांगू!"

धर्मेंद्रभाऊ कपाटाआडून बाहेर आले. घामाने निथळत होते.

"ते तर हसले," ते म्हणाले.

"खूश होऊन हसले पप्पा."

"खूश झालेला माणूस मुलाखतीत हसत नाही, बेटा. मुलगी पाहायला आलेले लोक हसत-बोलत, पोहे मागून मागून खातात, आणि घरी जाऊन नकार कळवतात. खूश झालेले गंभीर असतात. त्यांना हुंड्याचं बोलायचं असतं."

त्यांनी सरांना फोन लावला. सगळं ऐकून सरही मोठ्याने हसले आणि म्हणाले, "हसले? मग झालंच समजा!"

धर्मेंद्रभाऊंनी फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, "सर बी हसले."

त्या आठवड्यात ते जेवले नाहीत असं नाही, पण ताटात काय आहे ते त्यांना सांगावं लागे. आबा रोजचा प्रश्न विचारत. शेवटी एका सकाळी धर्मेंद्रभाऊंनी धुतलेला सदरा घातला आणि कोणाला न सांगता शहाद्याला गेले. दोधूनानांकडे.

दोधूनाना एका पतसंस्थेचे चेअरमन होते. ती पतसंस्था काय करते हे आठवण्याची आता कोणाला गरज वाटत नसे. नाना फोन करतात हे सगळ्यांना माहीत होतं. बदली, बेड, डीपी, दाखला. सकाळी त्यांच्या ओसरीवरच्या बाकांवर जागा मिळत नसे. नानांची पद्धत अशी की फोन नेहमी स्पीकरवर आणि समोरच्याच्या देखत. आडून केलेल्या फोनवर माणसाचा विश्वास बसत नाही.

"कोनतं विद्यापीठ म्हटलं?" नानांनी विचारलं.

धर्मेंद्रभाऊंनी नाव सांगितलं. नानांनी ते पुन्हा विचारलं, मग चिठ्ठीवर लिहून घेतलं, मग चिठ्ठी चष्म्याजवळ धरून म्हणाले, "तेवढं लांब आपलं डायरेक्ट नाही. पण मुंबईत आमदारसाहेबांचा पीए आपला आहे."

"नाना, एक नियम शे म्हणे. शिफारस केली तर..."

"ते आपल्यासाठी नसतं," नाना म्हणाले. "ते ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी असतं."

फोन लागला. स्पीकरवर एक गोड, घाईतला आवाज आला. नाना म्हणाले, "एक काम व्हतं. पोरीचं ॲडमिशन. आपल्या घरचीच पोर शे." आवाज म्हणाला, "नाना, तुम्ही सांगायचं आणि आम्ही नाही म्हणायचं? दिल्लीत सांगतो." बाकांवरच्या लोकांनी माना डोलावल्या. धर्मेंद्रभाऊंना वाटलं, ते हसणारे दोघं आता गंभीर होतील.

निघताना नानांनी एवढंच बजावलं, "आता दुसरीकडं कुठं फॉर्म भरू नका. एकदा शब्द टाकल्यावर चार ठिकाणी हात पसरले, तर शब्दाचा मान राहत नाही."

मोहिनीने आणखी दोन विद्यापीठांचे अर्ज तयार ठेवले होते, एक पुण्याचं, एक बंगळूरचं. फी वडिलांच्या कार्डावरून भरायची होती. धर्मेंद्रभाऊ म्हणाले, "भरू." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "भरू ना." मग घड कापणीला आले, मग कार्ड सापडेना, मग दोन्हीकडच्या मुदती संपल्या. मोहिनीला थोडा राग आला, पण मुलाखत इतकी छान झाली होती की तिने तो धरून ठेवला नाही.

विद्यापीठाचा मेल आला तेव्हा बागेत कापणी चालू होती. मजूर घड खांद्यावरून ट्रकपाशी आणत होते आणि धर्मेंद्रभाऊ मोजून घेत होते. मोहिनी घरून पायी आली. बांधावरून येताना तिने एकदाही खाली बघितलं नाही, त्यामुळे आबांनी लांबूनच ओळखलं की काहीतरी झालंय.

"पप्पा, तुम्ही कोणाला फोन केला?"

"मी?" धर्मेंद्रभाऊ म्हणाले. "मी कोणालाच नाही केला. नानांनी केला."

मोहिनीने मेल वाचून दाखवला, एकेका वाक्याचं मराठी करत. विद्यापीठाच्या कार्यालयात एक दूरध्वनी आला होता. बोलणाऱ्याने उमेदवार ही एका मंत्रिमहोदयांची पुतणी असल्याचं सांगितलं होतं आणि तिची निवड 'अपेक्षित' असल्याचंही. नियमानुसार अर्ज रद्द करण्यात येत होता. पुढे अर्ज करू नये. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

शहाद्याच्या ओसरीवरून ती 'आपल्या घरची' म्हणून निघाली होती. मुंबईत ती साहेबांची भाची झाली असणार, आणि दिल्लीत मंत्र्यांची पुतणी. वाटेत तिची प्रत्येक ठिकाणी बढती होत गेली होती.

धर्मेंद्रभाऊंच्या हाताला केळीचा चीक लागला होता. तो ते बराच वेळ पानाला पुसत राहिले. चीक तसा पुसून जात नाही, वाळून काळा होतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

"फोनने काम बिघडत नसतं पोरी," शेवटी ते म्हणाले. "फोन कमी पडतो."

"पप्पा, फोनमुळेच रद्द केलंय. लिहिलंय इथे."

"लिहितात तसं. खरं कोणी लिहितं का? दुसऱ्या कोणाचा तरी वरचा फोन आला असंल."

आबा खाली बसले. बांधावर, उन्हात. "मी म्हणतच व्हतो," ते म्हणाले. "तुम्ही लई उशीर केला."

उमाकांत सरांनी विद्यापीठाला मोठा मेल लिहिला. त्यात त्यांनी तालुका समजावून सांगितला, ओसरी समजावून सांगितली, मुलीला यातलं काही माहीत नव्हतं हे तीन प्रकारांनी लिहिलं. मेलला उत्तर आलं नाही. आला तो फोन, मुलाखत घेणाऱ्या बाईंचा, त्यांच्या स्वतःच्या नंबरवरून. त्या म्हणाल्या, हे बोलणं झालंच नाही असं समजा. मुलीचं नाव यादीत होतं, अगदी वर होतं. आम्ही दोघांनीही तिच्यासाठी भांडून पाहिलं. पण याच नियमाने मागच्या वर्षी एका खऱ्या मंत्र्याच्या मुलाला बाहेर ठेवलं होतं, आता हिला आत घेतलं तर तो कोर्टात जाईल. मी हे लिहून देऊ शकत नाही. तिला फक्त एवढं सांगा की ती निवडीत आली होती.

सरांनी लगेच मोहिनीला फोन करून ते सांगितलं. मग ती म्हणाली, "अगदी वर, असं म्हणाल्या?"

"अगदी वर."

"बरं," ती म्हणाली. पुढचे काही दिवस तिच्याकडे तेवढं एकच होतं.

जूनमध्ये नानांनी स्वतः बोलावणं धाडलं. आपला शब्द वाया गेला हे त्यांना लागलं होतं. आबा, धर्मेंद्रभाऊ आणि मोहिनी ओसरीवर बसले. बाकांवर नेहमीची गर्दी होती.

"वरून कोणाचा तरी मोठा हात लागला," नाना म्हणाले. "त्याशिवाय आपला शब्द मागं येत नाही."

"नाना," मोहिनी म्हणाली, "मला घेतलं होतं. तुमच्या फोनमुळे काढलं."

धर्मेंद्रभाऊ खाली बघू लागले. बाकांवरचा एकजण खोकला. नाना मात्र रागावले नाहीत. त्यांनी मोठ्या मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोर हुशार शे," ते सगळ्यांना म्हणाले. "मनाला लागलंय तिच्या. लागणारच. थांब बेटा, आत्ता करतो."

त्यांनी स्पीकर चालू केला आणि तालुक्यातल्याच एका कॉलेजच्या प्राचार्यांना फोन लावला. त्या कॉलेजची रिक्षा गेला महिनाभर भोंगा लावून गावोगाव फिरत होती, 'प्रवेश चालू, मर्यादित जागा' असं ओरडत, आणि जागा मर्यादित नव्हत्या, विद्यार्थी मर्यादित होते.

"सर, आपल्या घरची पोर शे. बी.ए. ला घ्यायची."

"नाना, तुमचा शब्द म्हणजे झालंच," स्पीकर म्हणाला. "फक्त एक. तिचा विषय काय?"

"अर्थशास्त्र."

स्पीकर जरा थांबला. "अर्थशास्त्राचं पद रिकामं आहे हो नाना, चार वर्षं झाली. इतिहास, भूगोल देतो. भूगोलाला मॅडम आहेत."

"भूगोल चालंल," नाना म्हणाले.

बाकांवर समाधान पसरलं. धुडकूआबांनी धोतराच्या सोग्याने डोळे टिपले. अखेर काम शब्दाने झालं होतं, आणि जग पुन्हा त्यांच्या ओळखीचं झालं होतं. धर्मेंद्रभाऊंनी लेकीला कोपराने खुणावलं. मोहिनी उठली आणि नानांच्या पाया पडली.

पुढच्या आठवड्यात धर्मेंद्रभाऊंनी उमाकांत सरांना रसाच्या जेवणाला बोलावलं. सर यायला तयार नव्हते, पण शेवटचे आंबे आहेत, पाऊस पडला की चव जाते, असा निरोप दोनदा आला. दुपारचं जेवण, पंगतीला सर आणि धर्मेंद्रभाऊ. आबा जेवून आडवे झाले होते. मोहिनी वाढत होती. पुरणपोळी, रस, भजी, कुरडया. सरांनी पाहिलं की धर्मेंद्रभाऊ महिन्याभरात निम्मे झाले आहेत. सदरा खांद्यावर उभा होता, आत माणूस नव्हता. वाटीत रस तसाच होता. त्यावर साय धरू लागली होती.

"सर," धर्मेंद्रभाऊ म्हणाले, वाटीकडेच बघत. "एक विचारू?"

"विचारा ना."

"आख्खं गाव म्हणतं, नशीब. नाना म्हणतात, वरचा फोन. मी बी तेच म्हणतो." ते थांबले. "पण रात्री झोप लागत नाही. तुम्ही शिकलेले. खरं सांगा. मी गेलो नसतो नानांकडं, तर मन्ही पोर... गेली असती का?"

स्वयंपाकघराच्या दारात मोहिनीची आई उभी होती. तिने काही खूण केली नाही. फक्त पदर तोंडाशी धरला आणि सरांकडे पाहिलं. मोहिनी कुरडयांचं ताट घेऊन भिंतीपाशी थांबली होती. सरांना ती दिसत होती. धर्मेंद्रभाऊ ताटातली भजी बोटाने मोजत होते, आणि परत पहिल्यापासून मोजत होते. हा माणूस घड मोजताना कधी चुकत नसे.

"नाही," सर म्हणाले. "तसंही झालं नसतं."

धर्मेंद्रभाऊंनी मान वर केली. "नक्की?"

"नक्की. स्पर्धा फार असते तिथे. देशभरातून मुलं येतात."

"मग ती कमी कशात पडली, सर?"

एकदा नाही म्हटल्यावर हे येणारच होतं, पण सरांनी तेवढा विचार केला नव्हता. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

"निबंध," ते म्हणाले. "निबंध जरा... आणखी पक्का हवा होता."

"ऐकलं ना?" धर्मेंद्रभाऊ लेकीकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट खूप दिवसांनी मोकळं झालेलं काहीतरी होतं. "मी म्हणत होतो, सरांना अजून दोनदा दाखव म्हणून. जाऊ दे, जाऊ दे. व्हई जास. वाढ, रस वाढ माले."

मोहिनीने रस वाढला. त्यांनी वाटी तोंडाला लावून संपवली, पुन्हा मागितला, आणि भजी मागितली. दारातून मोहिनीची आई आत गेली. उमाकांत सर जेवले. ताटात काही टाकलं नाही.

निघताना धर्मेंद्रभाऊंनी ऐकलं नाही, सरांच्या मोटरसायकलला मागे आंब्यांची पेटी बांधायला घेतली. सर सीटवर बसले. मोहिनी फाटक उघडायला आली होती, ती हँडलपाशी थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, त्या मॅडमचा फोन आलाच नव्हता ना? मला बरं वाटावं म्हणून तुम्ही सांगितलं होतं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काही आरोप नव्हता. ती खरंच विचारत होती. हिशोब तिने जुळवून पाहिला होता : दोन गोष्टी सांगणारा माणूस एकच, एक गोष्ट एकटीला फोनवर सांगितलेली, दुसरी सगळ्यांसमोर अन्नावर बसून. कोणती खरी असणार, हे ठरवायला तिला फार वेळ लागला नव्हता.

मागे धर्मेंद्रभाऊ दोरीची गाठ ओढून बघत होते. एकदा ओढली, पुन्हा ओढली, आणि मग हात तसाच दोरीवर ठेवून, मान इकडे वळवून थांबले.

"नव्हता," सर म्हणाले.

"वाटलंच," मोहिनी म्हणाली, आणि तिने फाटक उघडलं.